आमची आजी आणि तिची दोन नावे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मानेसर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

सन्माननीय अध्यक्षमहाराज, मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी आणि जमलेल्या मराठी बंधुभगिनींनो,

'आजी-माजी' हा जोडशब्द उच्चारताना आम्हांला नेहमी थोडी गंमत वाटते. त्यातील 'आजी' म्हणजे आजचा, विद्यमान. ज्या आजीविषयी बोलण्यासाठी चिटणीसांनी आम्हांला उभे केले आहे, ती मात्र विद्यमान नाही. २०१६ सालच्या जानेवारीत, याच मानेसरच्या कडाक्याच्या थंडीत, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ती गेली. आजच्या श्रोत्यांपैकी काहींनी तिला पाहिले आहे, तिच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ली आहे. ज्यांनी पाहिले नाही, त्यांच्या घरीही अशी एक आजी असेल किंवा होऊन गेली असेल. म्हणून एका घरची गोष्ट सभेत सांगण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

प्रथम शब्दाविषयी दोन शब्द. संस्कृतातील 'आर्या' प्राकृतात 'अज्जा' झाली आणि मराठीत 'आजी' म्हणून घराघरांत नांदू लागली. दिल्लीच्या परिसरात दादी आणि नानी यांचे राज्य. तेव्हा 'आजी' हा शब्द आपणच येथे आणला असा आमचा समज होता. परंतु येथील औद्योगिक वसाहतीत बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले हजारो कामगार राहतात. त्यांच्या भोजपुरीतही वडिलांच्या आईला 'आजी'च म्हणतात. त्यांचेच पूर्वज शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मजूर म्हणून मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद येथे नेले गेले. तेथेही हा शब्द त्यांच्याबरोबर गेला. माणसे दूर गेली की पेटीत काय घालावे याचा विचार करतात. आजी मात्र न सांगता बरोबर येते.

आमच्या आजीचा जन्म सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात १९२१ साली झाला. साल हिशेबाने ठरविलेले. तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' एवढीच तिच्या जन्माची नोंद, आणि तीही तिच्या आईच्या तोंडची. खटाव आणि शेजारचा माण हे पावसाच्या छायेतले तालुके. येरळेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू अधिक. चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले. आमचे आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. गावातील मुलांना त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुळाक्षरे शिकविली. परंतु त्यांची पत्नी निरक्षर होती आणि यात कोणालाही काही विसंगत वाटत नव्हते. पहाटे चारला जात्यावर बसणाऱ्या बाईला पाटीवर बसावयास वेळ कोठून मिळणार, असा तो काळ.

पुढे १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढांना साक्षर करण्याची ही मोहीम पुढे साऱ्या महाराष्ट्रात पसरली आणि तिचे कौतुक देशाबाहेरही झाले. आमच्या दृष्टीने तिचे महत्त्व एवढेच की आमची आजी अडतिसाव्या वर्षी कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली. वर्ग आजोबांचाच होता. नवऱ्याकडे न पाहता, पदर सावरून, इतर बायकांच्या मागे ती बसे. पंधरा-वीस दिवसांनी गुरुजींनी सर्वांना आपापले नाव लिहावयास सांगितले. आजीने लिहिले, पाहिले आणि कोणी पाहण्याच्या आत पदराने पुसून टाकले. मग दुसरे नाव लिहिले आणि ते दाखविले.

पहिले नाव माहेरचे होते. लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने सासरचे नाव कोरले गेले, त्या दिवसापासून चोवीस वर्षे ते माहेरचे नाव कोणी घेतले नव्हते. लिहिता येऊ लागल्यावर हात प्रथम त्याच नावाकडे वळला. ही हकिगत तिने आजोबांना कधी सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही, आम्हांलाही सांगितली नाही. सांगितली ती आमच्या कन्येला, म्हणजे आपल्या पणतीला, येथे मानेसरमध्ये, पंचावन्न वर्षांनी. ती दोन्ही नावे आमच्या घरच्या वहीत लिहिलेली आहेत. सभेत आपले नाव घेतलेले तिला आवडले नसते, म्हणून येथे उच्चारीत नाही.

आपल्याकडील ज्या स्त्रियांची नावे आपण आदराने घेतो, त्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचेही माहेरचे नाव यमुनाच. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांची गोदू पुसली जाऊन आनंदी झाली. या स्त्रियांची दोन्ही नावे आपणांस माहीत आहेत, कारण त्यांच्याविषयी कोणी तरी लिहिले किंवा त्यांनी स्वतः लिहिले. ज्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, त्यांचे पहिले नाव पाटीवरच पुसले गेले.

आजीच्या आयुष्यातील मोठ्या घटना दोन-तीनच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घराची एक भिंत पडली. शेजारच्या बाळंतिणीला अंगणात आणून तिने आधी चूल पेटविली. भिंतीकडे नंतर पाहिले. १९७२ च्या दुष्काळात शेत ओस पडले. धाकट्या काकांचे शिक्षण चालू होते आणि मास्तरांच्या पगारात दोन्ही टोके जुळत नव्हती. तेव्हा गुरुजींची पत्नी या प्रतिष्ठेला बाजूला ठेवून ती दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेली. त्या वर्षीची तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी यांची चव पुढे कित्येक वर्षे तिच्या बोलण्यात येई. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे होतो. आम्हांला पाटीत निजवून कामावर नेत असे, असे सांगतात.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. मृत व्यक्तीला देव्हाऱ्यात बसविण्याची आपल्याला सवय आहे, आणि आजी तर त्या जागेसाठी जणू जन्मलेलीच असते. आमची आजी मायाळू होती, तशीच कठोरही होती. आमच्या मातोश्रींना तिने पहिली दहा वर्षे फार जाच केला. सोवळ्याओवळ्याच्या ज्या कल्पना तिने सासूकडून घेतल्या, त्यांचा त्रास घरातल्या सुनांना झाला आणि दारात पाणी मागणाऱ्या काही माणसांना त्याहून अधिक झाला. दुष्काळी कामावर सर्वांबरोबर एकाच पिंपाचे पाणी प्यावे लागले, तेव्हापासून तिच्यातले हे खूळ कमी होत गेले. ती स्वतः म्हणत असे, "दुष्काळानं विहीर आटवली, तशी माझी घागरही फोडली." हा बदल वगळून तिची आठवण काढली, तर ती आजी आमची राहणार नाही, कॅलेंडरावरील चित्र होईल.

शिवाय प्रत्येक आजीला ओटा, जाते आणि तुळशीवृंदावन लाभले होते असेही नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'अक्करमाशी' या आत्मकथनातील संतामाय ज्यांनी वाचली असेल, त्यांना ठाऊक आहे की अन्नाला मोताद असलेल्या, गावाने बाहेर ठेवलेल्या आजीनेही नातवाला वाढविले. मराठी आजी हा शब्द उच्चारताना तीही आपल्या मनात असली पाहिजे.

आमचे वडील २००९ साली गेले. पुढच्या वर्षी आमची बदली या भागात झाली आणि आजी आमच्याबरोबर आली. वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तिने प्रथमच मराठी न बोलणारा मुलूख पाहिला. आपल्यापैकी अनेकांनी घरातील वृद्धांना येथे आणले आहे, म्हणून विचारतो : आपण त्यांना कोठे आणतो? उंच इमारतीतील एका खोलीत, जिच्या खिडकीतून जयपूरचा महामार्ग दिसतो. मुले शाळेत, सून कचेरीत, आणि उद्वाहनाचे बटण दाबण्याची भीती. ज्या बाईला गावात रस्त्याने जाताना दहा जण हाक मारीत, तिला दिवसभर हाक मारणारे कोणी नाही. औषध वेळेवर मिळते, अन्न मिळते, माया मिळते. भाषा मिळत नाही.

आमच्या आजीने यावर आपला उपाय शोधला. आमच्या वसाहतीच्या मागे गावची एक वृद्ध बाई हिवाळ्यात उन्हात खाट टाकून बसत असे. हरियाणवीत मोठ्या काकूला 'ताई' म्हणतात. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून आजीही तिला ताई म्हणू लागली. आजीच्या दृष्टीने ती थोरली बहीण झाली, वस्तुतः ती आजीहून दहा वर्षांनी लहान होती. दोघींना एकमेकींचे शब्द कळत नसत. परंतु ताईच्या अंगणात बाजरी वाळत पडलेली पाहून आजीने मूठभर दाणे उचलले, तोंडात टाकले आणि समाधानाने मान हलविली. खटावची बाजरी आणि मानेसरची बाजरी यांत तिला काही भेद आढळला नाही. ताई खिचडी करी, आजी भाकरी थापी. पुढे होळीनंतर ताईकडे बासोडा आला. त्या दिवशी चूल पेटवावयाची नाही, आदल्या दिवशीचे शिळे खावयाचे. आपल्याकडे श्रावणात शीतला सप्तमीला हेच करतात. दोघी मिळून गुरुग्रामच्या शीतला मातेच्या देवळात जाऊन आल्या. महिन्यांत फरक पडला तरी देवी तीच, असा निर्णय आजीने दिला. राष्ट्रीय एकात्मतेवरील अनेक परिपत्रके आम्ही सेवेत हाताळली आहेत. त्यांपैकी एकातही हे इतके सोपे करून सांगितलेले आढळले नाही.

याच काळातील एक प्रसंग. आजोबांच्या पश्चात तिला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी ती हयात असल्याचे सिद्ध करावे लागे. त्या कामासाठी एका कार्यालयात गेलो असता तेथील यंत्राने तिच्या बोटांचे ठसे घेण्यास नकार दिला. दहाही बोटे झाली. बोटे पुसून पाहिली, ओली करून पाहिली. सत्तर वर्षे जाते ओढून, शेण सारवून, खडी फोडून बोटांवरील रेषाच उरल्या नव्हत्या. समोरचा तरुण कर्मचारी खरोखर अवघडला होता. म्हणाला, "माताजी का कुछ आ ही नहीं रहा." आम्ही स्वतः शासकीय सेवक, नियमाचे महत्त्व आम्हांला कोणी सांगावयास नको. तरीही, एवढे कष्ट केले म्हणूनच ती हयात असल्याचे सिद्ध होत नाही, हा विचार त्या दिवशी मनातून जाईना. अखेर एका अधिकाऱ्यासमक्ष कागदावर सही करावयाची वाट निघाली. "अंगठा?" असे त्यांनी विचारताच आजीने हात पुढे करून लेखणी मागितली आणि १९५९ साली शिकलेल्या ठसठशीत अक्षरांत आपले नाव लिहिले. पुढे २०२१ साली चेहऱ्यावरून हयातीचा दाखला देण्याची सोय शासनाने सुरू केली. आता अशा वृद्धांची अडचण बरीच कमी झाली आहे. आपल्या घरी झिजल्या बोटांचे कोणी असल्यास ती सोय अवश्य वापरावी.

ती गेली तेव्हा आम्ही रजेचा अर्ज लिहिला. कचेरीत 'आजी वारली' या कारणाची फार थट्टा होते; एकेका कारकुनाच्या आठ-आठ आज्या वारलेल्या असतात. केंद्रीय नियमांत अशा प्रसंगासाठी वेगळी रजा नाही. साधी नैमित्तिक रजा घ्यावी लागते. प्रवास-सवलतीच्या नियमांत आई-वडील कुटुंबात मोडतात, आजी मोडत नाही. नियम करणाऱ्यांना कुटुंबाची रेषा कोठे तरी ओढावीच लागते. पण त्या रेषेबाहेर उभी असलेली बाईच आमचे पहिले घर होती.

उत्तरकार्याच्या दिवशी गुरुजींनी वरच्या पिढ्यांतील स्त्रियांची नावे विचारली. आपल्या तर्पणात केवळ पिता, पितामह, प्रपितामह नसतात; माता, पितामही, प्रपितामही यांनाही नावाने पाणी द्यावयाचे असते. शास्त्राने या स्त्रियांना विसरू दिलेले नाही. विसरलो ते आपण. आमच्या भावकीत पुरुषांची वंशावळ सात पिढ्यांची, शाईने लिहिलेली आहे. स्त्रियांची नावे विचारताच सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आजीच्या सासूचे नाव एका काकांना आठवले. तिच्या सासूचे नाव जमलेल्या तीस माणसांत कोणालाही सांगता आले नाही. ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिच्याचसाठी आम्ही जमलो होतो.

तेव्हा आमची कन्या, त्या वेळी नववीत असलेली, आत जाऊन आपली वही घेऊन आली. शाळेत वंशवृक्ष काढून आणावयास सांगितला होता, म्हणून तिने पणजीला बसवून विचारले होते. त्या वहीत सासूच्या सासूचे नाव होते, तिचे माहेरचे गाव होते. आजीची दोन्ही नावे होती. आणि भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित केलेल्या चाळीस-एक ओव्या होत्या. कन्येला त्यांतील निम्मे शब्द कळले नव्हते. तिने ते ऐकले तसे लिहून घेतले होते, आणि त्यामुळेच ते बिघडले नाहीत.

बंधुभगिनींनो, आजचे आमचे म्हणणे या वहीविषयीच आहे. मराठी वाङ्मयातील काही उत्तम गोष्टी केवळ अशा वह्यांमुळे वाचल्या. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली. त्या १९५१ साली गेल्यावर त्यांचे पुत्र सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. घरात कोणी कान दिला नसता, तर खानदेशातील एक कष्टाळू शेतकरीण एवढीच त्यांची ओळख उरली असती. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. तीत मुलगा देवदत्त यांचा वाटा होता, आणि पुढे नातू अशोक टिळक यांनी आजीच्या त्या ग्रंथाची काळजीपूर्वक आवृत्ती सिद्ध केली. नातवाने आजीसाठी करावयाचे याहून मोठे श्राद्ध आम्हांला माहीत नाही.

ज्यांना सोपानदेव किंवा अशोक टिळक लाभले नाहीत, अशांसाठी हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्राची खेडी पालथी घातली आणि जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, जाती थांबली, आणि ओव्या म्हणणाऱ्या बायका एकेक करून जाऊ लागल्या. त्या सुमारास हे काम झाले. २०१७ पासून हा ठेवा गाणाऱ्या स्त्रियांच्या नावांसह 'पारी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहे. नावांसह, हे ध्यानात घ्यावे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर, फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत जे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षा डॉ. तारा भवाळकर यांनी तर स्त्रियांच्या लोकपरंपरेच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले आहे. दिल्लीत यापूर्वीचे संमेलन १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. सत्तर वर्षांनी राजधानीतील त्याच मांडवात जात्यावरच्या ओवीलाही मान मिळाला, हे आमच्या आजीला कळले असते तर ती म्हणाली असती, "मग दळण कोण करणार?"

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके केली, कोजागरी केली. एक्कावन्नाव्या वर्षी एक वही करावी, अशी आमची विनंती आहे. खर्च काही नाही. प्रत्येक घरातील थोरल्या स्त्रीजवळ घरातील लहान मुलाने बसावे आणि विचारावे : तुझे माहेरचे नाव काय? तुझ्या आईचे, आजीचे, सासूचे, सासूच्या सासूचे नाव काय? तुझ्या गावची नदी कोणती? तू लहानपणी काय खात होतीस, आणि दुष्काळात काय खाल्लेस? तुला कोणती गाणी येतात? तुझ्यावर कोणी अन्याय केला, आणि तू कोणावर केलास? हा शेवटचा प्रश्न मुलांनी विचारला तर त्या उत्तर देतात. आपण विचारला तर देत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. उत्तर जसे येईल तसे लिहावे, शुद्ध करू नये. येथे वाढलेल्या मुलांची मराठी कच्ची असल्याची तक्रार आपण नेहमी करतो. त्यांना मराठीत एखादे खरे काम मात्र आपण क्वचितच देतो. हे काम त्यांना द्यावे.

आणि घाई करावी. आमच्या ताईचेही दोन वर्षांपूर्वी निधन झाले. तिच्या नातवाला आम्ही तिचे माहेरचे नाव विचारले. तो विचारात पडला आणि घरात विचारावयास गेला. कोणी तरी सांगेल अशी आशा त्याला होती, आणि सुदैवाने एका वृद्ध आत्याने ते सांगितले. आमच्या कन्येने तेही आपल्या वहीत, आजीच्या दोन नावांखाली, लिहून घेतले आहे.